लसूण पडण्याआधीचा वाटा

आपण जेवतो ते घरच्या कुत्र्याला द्यावे की देऊ नये? या एका प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मी हा लेख लिहायला बसले. अनेक वर्षे मी शाळेत विज्ञान शिकवले. उत्तर नुसत्या ‘हो’ किंवा ‘नाही’मध्ये संपते आहे असे वाटले, की प्रश्न पुन्हा एकदा वाचा, असे मी मुलांना सांगत असे. हा प्रश्न मला पुन्हा वाचायला लावला तो आमच्या कळण्या नावाच्या कुत्र्याने आणि भरताच्या हंगामाने.

तो हंगाम आता परत आला आहे. जळगावच्या बाजारात भरताची वांगी आली आहेत: फिकट हिरवी, लांबट, पोपटाच्या पोटासारख्या रंगाची. गिऱ्हाईक वांगे हातात घेऊन त्याचे वजन अजमावते. आकाराच्या मानाने हलके लागले तर आत बी कमी, भरीत चांगले. संध्याकाळी कोणत्याही रस्त्याने गेले तरी कुठल्या तरी मोकळ्या जागेतून कपाशीच्या वाळक्या काड्यांचा धूर येतो. त्या धुरात वांग्याची साल जळत असते. हा वास नाकात गेला की खान्देशी माणसाची पावले मंद होतात. आमच्या कळण्याचीही होतात. तो थांबतो, नाक वर करतो, डोळे किंचित मिटतो. मी त्याच्या गळ्यातला पट्टा हलकेच ओढते आणि मला मागचा हिवाळा आठवतो.

कळण्या हे नाव त्याला रंगावरून पडले. ज्वारीत अख्खे उडीद मिसळून दळले की जे पीठ होते, त्याला आमच्याकडे कळणा म्हणतात. पांढरट, त्यात करडे-काळे ठिपके. पिल्लू घरात आले तेव्हा त्याच्या अंगावर हुबेहूब तोच रंग होता. माझे सासरे, ज्यांना आम्ही सारे आबा म्हणतो, त्यांनी त्याला तळहातावर घेऊन खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाले, “हाई तं कळनानं पीठ शे!” तेव्हापासून तो कळण्या. आबा तरुणपणी नोकरीसाठी धुळे तालुक्यातून जळगावला आले आणि इथलेच झाले. बोली मात्र त्यांनी बदलली नाही. घरात आम्ही सगळे प्रमाण मराठी बोलतो. आबा आणि कळण्या यांचा व्यवहार अहिराणीत चालतो.

माझे माहेर धुळ्याचे. तिथे एक रीत होती, ती इथेही आहे. भाकरी थापता थापता काठवटीतले पीठ संपत आले, की उरल्यासुरल्या पिठाची एक लहान भाकरी करायची. ती शेवटची भाकरी कुत्र्याची. रीत उदार आहे. तिच्याबद्दल मला आदरच आहे. दारच्या जिवाचा विचार स्वयंपाकातच झालेला असतो. पण लक्षपूर्वक पाहिले तर एक गोष्ट दिसते: कुत्र्याचा वाटा नेहमी शेवटी येतो. माणसांचे सगळे करून झाल्यावर, चव लावून झाल्यावर, फोडणी बसल्यावर.

आबांना तर शेवटपर्यंत थांबणेही मान्य नव्हते. ते जेवायला पाटावर बसत, कळण्या त्यांच्या डाव्या गुडघ्याशी. एक घास आबांचा, एक त्याचा. माझे यजमान म्हणत, “आबा, आधी तुम्ही तरी नीट जेवा.” आबा त्यांच्याकडे न पाहता विचारत, “मी खासू नि तो तोंडकडे देखत बसी?” आणि पुढचा घास कळण्यापुढे धरत.

दुपारी कळण्याचे जेवण भिंतीपलीकडे असे. तिकडे किरणभाभी राहतात. त्यांचे सासर मूळचे राजस्थानातले, जैन. कापडाचे दुकान आहे. त्यांच्या घरात कांदा-लसूण येत नाही. दुपारी फुलके झाले की भाभी मागच्या दारात उभ्या राहून हाक मारत आणि कळण्या फाटकाच्या फटीतून अंग चोरून पलीकडे जाई. मुगाची पातळ डाळ, त्यात कुस्करलेले फुलके, वर तूप. आमची मुलगी सायली पुण्याला नोकरी करते. ती सुटीत आली की म्हणे, “हा सकाळी खान्देशी आणि दुपारी मारवाडी. रात्रीचं काय ते यालाच विचारा.” भाभी मात्र संकोचत. “वहिनी, आमच्याकडे काय, सगळं सादं. तुमच्याकडे कसं, चटकदार खातो तो. आमची डाळ बिचाऱ्याला फिकी लागत असेल.” त्यांचा हा संकोच किती अनाठायी होता, हे कळायला हिवाळा यावा लागला.

आमचे नशिराबादच्या रस्त्याला लहानसे शेत आहे. थंडी पडली की तिथे भरीत होते. एकदा होऊन ते थांबत नाही. आज आपल्या शेतात, पुढच्या रविवारी मित्राच्या, मग जामनेरच्या नातेवाइकांकडे. हे भरीत इतर ठिकाणच्या भरतासारखे नसते. वांगी काड्यांच्या जाळावर काळी होईपर्यंत भाजायची, सोलायची, आणि लाकडाच्या लांबट बडगीत घालून ठेचायची. गर ठेचला जात असताना होणारा तो जड, ओला आवाज मला शेतातल्या कुठल्याही पाखराच्या आवाजापेक्षा गोड वाटतो. मग तेलात हिरवी मिरची आणि सढळ हाताने लसूण, शेंगदाणे, आणि शेवटी मूठमूठ चिरलेली कांद्याची हिरवी पात. केळीच्या पानावर वाढतात; सोबत पुऱ्या किंवा कळण्याच्या भाकरी.

मोठ्यांचे भरीत जाळासारखे तिखट असते. म्हणून मुलांसाठी एक भाग वेगळा काढतात. त्यात मिरची नसते, बाकी सर्व असते. मागच्या हिवाळ्यात आबांनी हाच भाग कळण्याचा ठरवला. आमच्यापैकी कोणीही कुत्र्याला तिखट दिले नसते. तेवढी काळजी प्रत्येकाला होती. आबांची काळजी तर त्याहून अधिक. त्यांनी लसूण थोडा जास्तच घातला. लसणाने कुत्र्याच्या पोटातले जंत पडतात, असे त्यांनी कुठे तरी ऐकले होते. कळण्याने पान चाटून चकचकीत केले. आबा सर्वांना पान उलटून दाखवत होते. “देखा, बठ्ठं खाई लिधं त्यानी!” मग प्रत्येक भरताचा एक डबा घरी येऊ लागला आणि तो संपेपर्यंत रोज थोडे थोडे कळण्याला मिळू लागले.

त्याच दिवसांत सायली आली, आणि तिच्यासोबत कच्च्या मांसाचा विषय आला. तिच्या मैत्रिणीचा कुत्रा कच्चे मांस खातो, त्याचे केस चकाकतात, असे तिचे म्हणणे. अंगणात बसून तिने आबांना समजावले.

“आबा, याचे पूर्वज जंगलात कच्चंच खायचे.”

“मना बी पूर्वज कच्चंच खायेत. मंग मी बी खाऊ का आते?”

“तसं नाही हो आबा! त्याचं पोट वेगळं असतं.”

“पोट येगळं शे, पन घर तं आपलंच शे ना?”

सायली हसली, पण बाजारातून कच्चे चिकन घेऊन आलीच. कळण्याने ते दोन दिवस मागच्या अंगणात खाल्ले. भिंतीपलीकडून किरणभाभींनी ते पाहिले आणि खिडकी ओढून घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी डाळ-फुलक्याची हाक मात्र नेहमीच्या वेळी आली. या बाईंबद्दल माझ्या मनात जो आदर आहे, त्याचा मोठा भाग त्या एका हाकेमुळे आहे.

त्यानंतर काही दिवसांनी कळण्या त्या हाकेला उठला नाही.

आधी वाटले, थंडी आहे, लोळतो आहे. मग तो फाटकापर्यंत गेला आणि मध्येच बसला. बसल्या जागी धापा टाकू लागला. आबांनी त्याच्या लघवीकडे बोट दाखवले. ती कोऱ्या चहासारखी लालसर होती. माझे यजमान लगेच सायलीकडे वळले. “तुझं ते कच्चं मांस! सांगत होतो ना?” सायलीचा चेहरा उतरला. आमच्या सर्वांच्या मनात आरोपी ठरला होता. जी गोष्ट घरात नवी, परकी आणि नकोशी असते, तिच्यावर संशय किती झटकन बसतो.

कळण्याला आम्ही तडक पशुवैद्यांकडे नेले. डॉक्टर तरुण होते, मूळचे चाळीसगावचे. त्यांनी कळण्याचा वरचा ओठ उचलला. निरोगी कुत्र्याची हिरडी पिकलेल्या लाल पेरूच्या गरासारखी गुलाबी असते. कळण्याची सोललेल्या शेंगदाण्यासारखी पांढुरकी दिसत होती.

“काय काय खाल्लं यानं? आठवून सांगा. लाजू नका.”

यजमानांनी चिकनचे सांगितले. डॉक्टरांनी ऐकून घेतले. “आणखी?”

“भरीत,” आबा म्हणाले.

डॉक्टरांचा हात कळण्याच्या ओठावरच थांबला. “कसलं भरीत, आबा? भरतात काय असतं ते मला ठाऊक आहे. याच्या भरतात काय होतं ते सांगा.”

आबांनी अभिमानानेच सांगितले. “त्याना भरितमा मिरची नही. पोरेसनं भरीत दिधं त्याले. लसून मातर चांगला टाकेल व्हता, जंत पडतस म्हनतस ना. नि वर पात.”

“किती वेळा?”

“रोज. थोडं थोडं.”

डॉक्टरांनी आवाज चढवला नाही. ते स्टूल ओढून आबांच्या समोर बसले. “आबा, मिरची घातली असती तर यानं पहिल्याच घासाला तोंड फिरवलं असतं. लसूण आणि पात यानं आवडीनं खाल्ली. कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी कांद्या-लसणानं फुटतात. कच्चा असो, शिजवलेला असो, वाळवून पूड केलेला असो. एकदम जास्त दिला तरी, आणि थोडा थोडा रोज दिला तरीही. लक्षणं त्याच दिवशी दिसतील असंही नाही, म्हणून कोणाच्या ध्यानात येत नाही.”

“मंग जंत?”

“जंताचं औषध माझ्याकडे आहे. लसणानं जंत पडत नाहीत.”

आबांनी कळण्याच्या पाठीवर हात ठेवला. मग त्यांनी एकच विचारले. “तो वाची ना?”

“रक्त तपासतो, सलाईन लावतो. लवकर आणलंत. पण शब्द आत्ताच देत नाही.”

सायलीने हळूच विचारले, “म्हणजे चिकन नव्हतं?” तेव्हा डॉक्टरांनी तिच्याकडे पाहून जे सांगितले, ते मला त्यांच्या प्रामाणिकपणाचा नमुना वाटते. “या वेळी तरी चिकनचा दोष दिसत नाही. पण म्हणून ते द्या, असंही मी म्हणणार नाही. कच्च्या मांसात जंतू असतात. कुत्र्याला त्रास झाला नाही तरी ते भांड्याला लागतात, ओट्याला लागतात, तो ज्याचा हात चाटतो त्या हाताला लागतात. तुमच्या घरात आबांच्या वयाचं माणूस आहे. शिजवून द्या, हाड काढून, मीठ-मसाला न घालता. शिजलेलं हाड तर कधीच नको; त्याच्या धारदार कपच्या होतात.”

मग त्यांनी दुपारच्या जेवणाबद्दल विचारले. मी किरणभाभींच्या डाळ-फुलक्याचे सांगितले. ते हसले. “हे त्यातल्या त्यात बरं. कांदा नाही, लसूण नाही. नुसत्या डाळ-पोळीवर मात्र कुत्र्याचं भागत नाही. उकडलेलं अंडं, शिजवलेलं चिकन असं काही लागेल. तूप कमी करायला सांगा. आणि शिऱ्यातले बेदाणे चुकूनही नकोत; द्राक्ष, मनुका यांनी मूत्रपिंडाला धोका असतो. चॉकलेटही नको.” हे सगळे मी भाभींना सांगितले, तेव्हा त्या दारात उभ्या राहून डोळे पुसत हसल्या. “म्हणजे आमची फिकीच बरी होती, वहिनी! अंडं तुमच्याकडून, डाळ माझ्याकडून. तूप मात्र... चमचाभर तरी?” “अर्धा,” मी म्हटले. “बरं, अर्धा,” त्या म्हणाल्या, आणि आमचा करार झाला.

कळण्या सावरला. हळूहळू, पण सावरला. एका सकाळी तो आपण होऊन फाटकापर्यंत गेला आणि भाभींच्या हाकेआधीच भुंकला. सर्वजण आनंदले. मात्र त्याच दिवशी जेवताना यजमान आबांना म्हणाले, “आबा, आता त्याला तुम्ही हातानं काही देऊ नका. आम्ही बघू त्याचं.” बोलण्यात कठोरपणा नव्हता. नियम म्हणून पाहिले तर तो योग्यही होता. आबांनी मान हलवली. पण दुसऱ्या दिवसापासून ते ताट घेऊन आतल्या खोलीत जाऊ लागले आणि दार लोटून घेऊ लागले. कळण्या दाराबाहेर, नाक फटीला लावून. ताट परत येई तेव्हा त्यात अर्धी भाकरी तशीच असे. कळण्याचा जीव वाचला होता. आबांचे जेवण मात्र हरवले होते. पुढच्या रविवारी शेतात भरीत होते. आबा म्हणाले, “तुम्ही जा. मी घरच शे.”

आजारी प्राण्याला काय द्यावे, हे डॉक्टर सांगतात. ज्या हाताने इतकी वर्षे घास दिला, त्या हाताला काय द्यावे, हे कोणी सांगत नाही. मी रोज दोन ताटे पाहत होते, एक अर्धे उरलेले आणि एक, खाली जमिनीवर, मापात वाढलेले, आणि दोन्हींकडे पाहून मला सारखेच वाईट वाटत होते.

उत्तर शेवटी आबांनीच शोधले. एके सकाळी मी दुधी शिजवत होते. आबा स्वयंपाकघराच्या दारात आले. हातात कळण्याचे भांडे होते.

“माय, भाजीले फोडनी दिधी का?”

“अजून नाही, आबा.”

“मीठ?”

“तेही नाही.”

“मंग थांब.”

त्यांनी पळीने शिजलेल्या दुधीच्या चार फोडी भांड्यात घेतल्या. वरणातली घट्ट डाळ घेतली, हिंग-लसूण पडण्याच्या आधीची. वर उकडलेले अंडे कुस्करले. निवू दिले. मग पाटावर बसून त्यांनी पहिला घास कळण्यासमोर धरला आणि माझ्याकडे पाहिले. परवानगी मागणारी ती नजर मला सहन झाली नाही; मी घाईघाईने म्हटले, “द्या ना, आबा, द्या!” यजमान पेपर खाली ठेवून पाहत होते. त्यांनी उठून आतल्या खोलीचे दार सताड उघडे केले, एवढेच.

त्या सकाळपासून आमच्या स्वयंपाकाचा क्रम बदलला. कळण्याचा वाटा आता शेवटी उरत नाही. तो आधी निघतो. उरलेले देणे आणि आधी काढून ठेवणे, यांतला फरक पदार्थात फार थोडा असतो. पण एका फोडणीच्या अलीकडे कुत्र्याचे आरोग्य असते आणि पलीकडे धोका. आबांनी आपली माया कमी केली नाही. त्यांनी तिची वेळ बदलली. त्या वयात, आयुष्यभराची सवय हातात मुरलेली असताना, हे जमवणारी माणसे मी फार पाहिलेली नाहीत. आता लग्नाच्या पंगतीतही ते वाढप्याला विचारतात, “यामा कांदा शे का?” वाढपी समजतो, आबांनी काही व्रत धरले आहे. आबा त्याचा गैरसमज दूर करत नाहीत.

आणि आता हा हिवाळा. परवा शेतात पुन्हा जाळ पेटला. आबा या वेळी आले. बडगीसमोर त्यांनीच बैठक मारली. वांगी ठेचून झाली, गरातून वाफ निघत होती. लसूण-मिरचीचे तेल तडतडत तयार होते. पाहुणे भुकेले होते. जामनेरचे एक नातेवाईक ओरडले, “आबा, टाका आता! पुऱ्या गार होताहेत!”

“होऊ द्या,” आबा म्हणाले. “आदी याना वाटा काढू दे.”

वांग्याचा कोरा गर सर्वच कुत्र्यांना मानवतो असे नाही, थोडाच द्या, असे डॉक्टरांनी सांगून ठेवले होते. आबांनी लिंबाएवढा घेतला. त्यात बिनमिठाची कळण्याची भाकरी कुस्करली, डब्यातून आणलेले अंडे घातले आणि केळीच्या पानाच्या तुकड्यावर घास ठेवला. सगळी पंगत थांबली होती. तेल धुरायला लागले म्हणून सायलीने ते जाळावरून उतरवले. कळण्याने घास घेतला. आबांनी त्याचा ओठ उचलून हिरडी उन्हाकडे वळवून पाहिली, हात धुतले, आणि मग म्हणाले, “आते टाका.”

लसूण गरावर पडला, वास उसळला आणि सारे एकदम बोलू लागले.

सुरुवातीला विचारलेला प्रश्न आता मी असा वेगळा वाचते. आपल्या जेवणातले कुत्र्याला द्यावे का, एवढेच विचारून भागत नाही. ते कोणत्या क्षणी काढले आणि तोवर त्यात काय पडले, हेही विचारावे लागते. पण मी हे एका कुत्र्यावरून आणि एका हंगामावरून लिहिले आहे, म्हणून वाचकांना एक विनंती आहे. माझ्या शब्दावर थांबू नका. उद्या आपल्या भांड्यात फोडणीच्या आधी काय आहे आणि नंतर काय आहे, ते स्वतः पाहा. आपल्या कुत्र्याचा ओठ उचलून हिरडीचा रंग उजेडात बघा. आणि मी वर लिहिलेले, शब्द न् शब्द, आपल्या जवळच्या पशुवैद्यांना विचारून तपासून घ्या.